स्मार्ट वजनकाटा, किचन काटा, फिटनेस बँड: वजन उतरवताना कशावर किती विसंबायचं

स्मार्ट वजनकाट्याच्या खोक्यावर बारा-तेरा मोजमापं छापलेली असतात. चरबी, स्नायू, हाडं, पाणी, पोटाच्या आतली चरबी, इतकंच काय, ‘शरीराचं वय’सुद्धा. यांतलं काटा खरोखर मोजतो ते फक्त वजन आणि दोन पायांमधला विद्युतविरोध. बाकीचे सगळे आकडे या दोनांतून आणि ॲपमध्ये तुम्ही भरलेल्या उंची, वय, लिंगातून सूत्राने काढलेले असतात. म्हणून निकाल आधीच सांगून टाकतो: वजनकाटा जरूर घ्या, पण चरबीच्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. वाचलेल्या पैशांत स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि न ताणली जाणारी टेप घ्या. आहार आणि व्यायामाच्या जोरावर वजन उतरवताना माणूस जिथे अडतो, तिथे या साध्या वस्तूच उपयोगी पडतात. मनगटावरच्या बँडचा नंबर शेवटचा.

माणूस अडतो कुठे, ते आकड्यांत बघू. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० किलोकॅलरी. रोज ५०० किलोकॅलरीची तूट (खर्चापेक्षा तेवढं कमी खाणं) नेटाने पाळली तर आठवड्याला साडेचारशे ग्रॅम उतरतात, म्हणजे दिवसाला जेमतेम ६५ ग्रॅम. त्याच शरीराचं वजन पाणी, मीठ आणि आतड्यात असलेलं अन्न यांमुळे एका दिवसात किलोभर सहज वर-खाली होतं. थोडक्यात, ६५ ग्रॅमची हालचाल किलोभराच्या चढउतारात शोधायची आहे. सलग दोन दिवसांच्या आकड्यांची तुलना करून ती सापडणं शक्यच नाही, काटा कितीही महागडा असो.

त्यात सुरुवातीचा आठवडा चांगलाच फसवतो. यकृत आणि स्नायूंमध्ये मिळून चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी. खाणं कमी केलं, विशेषतः पिष्टमय पदार्थ कमी केले, की हा साठा घटतो आणि पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो गेल्यासारखे दिसतात. त्यात चरबी थोडीच असते. तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावतो तेव्हा डाएट ‘लागू पडेनासं’ झालं असं वाटतं. प्रत्यक्षात चरबी आधीच्याच वेगाने जात असते, पाणी जायचं थांबलेलं असतं इतकंच. उलट बाजूलाही हेच. एका भरपेट, खारट जेवणानंतर सकाळी दीड किलो वाढलेले दिसले म्हणून हाय खाऊ नये. दीड किलो चरबी साठायला गरजेपेक्षा साडेअकरा हजार किलोकॅलरी जास्त खाव्या लागतील, आणि एका जेवणात तेवढं कुणी खाऊ शकत नाही. नव्याने वजनं उचलायला लागलेल्यांच्या दुखऱ्या स्नायूंत काही दिवस पाणी धरलं जातं. मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांतही तेच होतं. म्हणून बायकांनी या महिन्यातला पाळीनंतरचा आठवडा मागच्या महिन्यातल्या पाळीनंतरच्या आठवड्याशीच ताडून बघावा.

वजनकाटा

चांगल्या काट्याच्या चारही कोपऱ्यांतल्या पायांत एकेक लोड सेल (भार मोजणारा सेन्सर) असतो आणि त्या चौघांवरच्या भाराची बेरीज पडद्यावर दिसते. यावरून ठेवायची जागा ठरते. गालिच्यावर किंवा रबरी चटईवर ठेवला तर पाय रुततात, काट्याचा तळ खाली टेकतो आणि काही भार लोड सेलला चुकवून परस्पर जमिनीवर जातो. मग वजन कमी दिसतं, पण दर वेळी सारखं कमी नाही. दोन फरशांच्या सांध्यावर ठेवला तर एक पाय अधांतरी राहतो. कडक, सपाट जागा निवडा आणि काटा तिथून हलवू नका. उभा करून भिंतीला टेकवून ठेवायची सवय असेल तर आडवा केल्यावर आधी पायाने दाबून चालू करा, शून्य दिसू द्या, तो बंद होऊ द्या आणि मगच वजन करा. नाहीतर आधीच्या स्थितीतलं शून्य धरूनच काटा पुढचं मोजतो.

घरी आणल्यावर दोन चाचण्या करा. पहिली: लागोपाठ पाच वेळा वजन करा, प्रत्येक वेळी पूर्ण उतरून. सगळे आकडे दोनशे ग्रॅमच्या आत असायला हवेत. दुसरी चाचणी जास्त महत्त्वाची. अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली हातात घेऊन वजन करा, मग बाटली ठेवून करा. फरक अर्धा किलो आणि बाटलीचं वजन इतका दिसला पाहिजे. नंतर याच पद्धतीने साधारण पाव लिटर पाणी घेऊन बघा. काही काटे आधीचं वजन लक्षात ठेवतात आणि नवं वजन त्याच्या दोन-तीनशे ग्रॅमच्या आत असेल तर सरळ जुनाच आकडा पुन्हा दाखवतात. गिऱ्हाइकाला ‘किती अचूक, दर वेळी तोच आकडा’ असं वाटावं म्हणून केलेली ही चलाखी. आठवड्याला साडेचारशे ग्रॅम शोधणाऱ्याच्या ती मुळावर येते. पाव लिटरचा फरक दिसला नाही तर काटा परत करा.

आकडा निखळ खरा असण्याची मात्र गरज नाही. तुमचा काटा कायम सातशे ग्रॅम जास्त दाखवत असेल तर दाखवू दे, उतार तेवढाच दिसेल. त्यामुळे घरचं वजन दवाखान्यातल्या किंवा जिममधल्या वजनाशी ताडत बसू नका. एकच काटा, एकच जागा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, कमीत कमी कपड्यांत. सेल उतरत आले की आकडे भरकटायला लागतात, त्यामुळे बॅटरीची खूण दिसली की लगेच बदला.

रोजचं वजन नोंदवायचं, पण बघायचा तो कल. बहुतेक ॲपमध्ये सात दिवसांची सरासरी मिळते आणि ती पुरते. ॲप नको असेल तर कागदावर हे करता येतं: कालच्या कलाचा आकडा आजच्या वजनातून वजा करा, आलेल्या फरकाचा दहावा भाग कालच्या कलात मिळवा. कालचा कल ८२.० आणि आज काटा ८३.० म्हणतोय, तर आजचा कल ८२.१. किलोभर उसळीचा परिणाम शंभर ग्रॅम. उद्या काटा ८१.६ वर आला तर कल ८२.०५. हा कल खऱ्या वजनाच्या थोडा मागे चालतो, आठवड्याला अर्धा किलो उतरत असेल तर सहाशे-सातशे ग्रॅम मागे. पण आपल्याला दिशा आणि वेग हवा आहे, आणि ते दोन्ही यातून मिळतं.

स्मार्ट असण्याचा खरा फायदा एवढाच, की नोंद आपोआप होते. त्यातही ब्लूटूथच्या काट्यांना बऱ्याचदा फोन जवळ आणि ॲप उघडं लागतं. वाय-फायवाल्यांना लागत नाही. घरात दोघांची वजनं जवळजवळ असतील तर काटा कुणाच्याही खात्यात कुणाचंही वजन टाकतो. अशी एक चुकीची नोंद आठवडाभराची सरासरी बिघडवते, तेव्हा दिसल्या दिसल्या काढून टाका. घेण्याआधी एक बघा: ॲपमधल्या नोंदी फाइल करून बाहेर काढता येतात का? कंपनीने ॲप बंद केलं तर दोन वर्षांच्या नोंदी त्याच्यासोबत जातील.

चरबीचा आकडा

पायाखालच्या धातूच्या पट्ट्यांतून अतिशय सौम्य प्रवाह, बहुतेक काट्यांत ५० किलोहर्ट्झचा, एका पायातून शिरतो आणि दुसऱ्यातून बाहेर पडतो. पाणीदार ऊतींतून तो सहज जातो, चरबीतून कष्टाने. तत्त्व बरोबर आहे. घोळ असा, की हा प्रवाह पाय आणि ओटीपोटाचा खालचा भाग एवढाच प्रवास करतो. छाती, हात आणि पोटाचा वरचा भाग त्याच्या वाटेतच येत नाही. तरी पडद्यावर ‘पोटाच्या आतली चरबी’ श्रेणीसकट झळकते.

याची गंमत बघायची असेल तर वजन करा, मग ॲपमध्ये स्वतःचं वय पंधरा वर्षांनी वाढवा आणि लगेच पुन्हा काट्यावर उभे राहा. बऱ्याच काट्यांत चरबीचा टक्का बदललेला दिसेल. ‘खेळाडू’ हा पर्याय निवडला तर काही टक्के एका झटक्यात उडतात. अंगातली चरबी दोन मिनिटांत कुठे गेली, याचं उत्तर सूत्रात आहे. पाणी कमी प्यायलं असेल, नुकताच घाम काढला असेल, पाय ओले असतील, टाचा भेगाळलेल्या असतील, तर आकडा वेगळा. डाएटच्या पहिल्या आठवड्यात तर अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे चरबीचा टक्का वाढलेला दिसू शकतो. नेमक्या त्याच आठवड्यात माणूस सगळ्यात आशेने बघत असतो.

आम्ही हा आकडा बघायला सांगू तो फक्त महिन्याची सरासरी म्हणून, आणि तीही चार-सहा महिन्यांच्या अंतराने. हाडांचं वजन, शरीराचं वय वगैरे पडद्यावरून काढून टाकता येत असेल तर काढून टाका. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं दुसरं कुठलं विद्युत उपकरण असेल तर प्रवाह सोडणारा काटा वापरूच नये. गरोदरपणात फक्त वजन दाखवणारा मोड वापरावा. ज्या काट्यात असा मोडच नाही तो घरात आणू नये.

चरबीच्या टक्क्याचं काम टेप जास्त चांगलं करते. शिंप्याची कापडी टेप वापरून वापरून लांबते, म्हणून फायबरग्लासची घ्या. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड, या दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप आडवी धरा, पाठीमागे ती खाली घसरलेली नाही हे आरशात बघा, नेहमीसारखा श्वास सोडा आणि शेवटी वाचा. पोट आत ओढायचं नाही. टेप अंगाला लागावी, रुतू नये. दोनदा मोजा, एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा. दोन आठवड्यांतून एकदा पुरे. व्यायाम सुरू केल्यावर वजन जागचं हलत नाही आणि घेर मात्र दोन सेंटिमीटर कमी झालाय, असं बरेचदा होतं. काट्याला ते कळत नाही.

किचन काटा आणि कॅलरीचं ॲप

या सगळ्या सामानात पैसा वसूल करणारी वस्तू हीच, कारण वजन न उतरण्याचं नेहमीचं कारण काट्यावर सापडत नाही, ताटात सापडतं. १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला अभ्यास या विषयात आजही सांगितला जातो. ‘कमी खाऊनही वजन उतरत नाही’ अशी तक्रार असलेल्या दहा जणांचा ऊर्जेचा खरा खर्च तिथे मोजला. चयापचय ठीकच निघाला. खाण्याची नोंद मात्र प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी होती आणि व्यायामाची ५१ टक्क्यांनी जास्त. ही माणसं खोटं बोलत नव्हती. अंदाज असाच चुकतो.

सगळ्यात जास्त चुकतो तो तेलाचा. एका ग्रॅममध्ये ९ किलोकॅलरी. पाच मिलिलिटरचा सपाट चमचा म्हणजे ४० च्या आसपास, पंधरा मिलिलिटरचा मोठा चमचा म्हणजे १२०. बाटलीतून सरळ ओतताना ‘एक मोठा चमचा’ म्हणून दोन सहज पडतात. दिवसातून दोनदा असं झालं की पाचशेच्या तुटीतली जवळजवळ अर्धी तिथेच भरून निघाली. सुका मेवा, बिया, लोणी यांचंही तसंच. पालेभाज्या मोजत बसायची मात्र गरज नाही. त्यांत चूक झाली तरी वीस-पंचवीस किलोकॅलरीची, आणि दर गोष्ट मोजणारा महिन्याभरात कंटाळून काटा कपाटात टाकतो.

काटा पाच किलोपर्यंतचा आणि एक ग्रॅमच्या टप्प्याचा पुरतो. पण त्याची एक खोड माहीत असावी. शून्य स्थिर राहावं म्हणून काटा अगदी बारीकसारीक बदल स्वतःहून पुसत असतो. त्यामुळे शून्य दिसत असताना भांड्यात तेलाची बारीक धार हळूहळू सोडली तर तो काही ग्रॅम गिळून टाकतो. उपाय सोपा आहे. तेलाची बाटलीच काट्यावर ठेवा, शून्य करा, बाटली उचलून हवं तेवढं तेल घाला आणि बाटली परत ठेवा. उणे चौदा दिसलं तर चौदा ग्रॅम गेले. भांडं घाण होत नाही हा वरचा फायदा. दोन-तीन ग्रॅमच्या खालच्या आकड्यांवर या काट्यांचा भरवसा धरू नका. दोन मिनिटांत आपोआप बंद होणारा काटा मधेच शून्य विसरतो, तेव्हा ही वेळ किती आहे किंवा बदलता येते का ते घेतानाच विचारा. आणि पडदा मोठ्या भांड्याखाली झाकला जात नाही ना, तेही बघा. तपासणी म्हणाल तर मोजपात्रातलं अर्धा लिटर पाणी अर्ध्या किलोच्या अगदी जवळ भरलं पाहिजे.

सगळ्यांसाठी एकत्र शिजवलेल्या पदार्थाचं काय, हा प्रश्न हमखास येतो. रिकाम्या भांड्याचं वजन एकदाच करून भांड्यांची यादी कपाटाच्या दाराला चिकटवा. शिजवताना आत घातलेल्या कच्च्या जिनसांच्या किलोकॅलरीची बेरीज करा. शिजल्यावर भांड्यासकट वजन करा. समजा बेरीज १,८०० झाली, भरलेलं भांडं २,३५० ग्रॅम आणि रिकामं ८५० ग्रॅम. अन्न झालं १,५०० ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला १.२ किलोकॅलरी. ताटात अडीचशे ग्रॅम घेतलं तर तीनशे. पाणी किती आटलं, किती राहिलं याचा हिशेब यात आपोआप येतो.

कच्चं आणि शिजलेलं यांची गल्लत ही ॲपमधली सगळ्यात महाग चूक. शंभर ग्रॅम कोरडे तांदूळ साडेतीनशे किलोकॅलरीच्या आसपास, शंभर ग्रॅम भात एकशेतीसच्या. नोंद चुकीच्या नावावर गेली की आकडा अडीच-पावणेतीन पट इकडे किंवा तिकडे. त्यात बऱ्याच ॲपची यादी वापरणाऱ्यांनीच भरलेली असते, एकाच पदार्थाच्या चार नोंदी आणि चारही वेगळ्या. कुठली धरायची ते तपासायला साधा गुणाकार पुरतो: प्रथिनांचे ग्रॅम गुणिले ४, कर्बोदकांचे गुणिले ४, स्निग्धांचे गुणिले ९, आणि बेरीज. नोंदीतल्या किलोकॅलरीशी ती साधारण जुळली पाहिजे. तंतुमय पदार्थ भरपूर असतील किंवा मद्य असेल तर थोडाफार फरक पडेल. दुपटीचा फरक दिसला तर ती नोंद सोडून द्या. बारकोड स्कॅन केल्यावर येणारा आकडा पाकिटाचा की एका वाढणीचा, हे दर वेळी बघावं.

ॲपचं एक सेटिंग पहिल्याच दिवशी बंद करा. बँडकडून आलेल्या ‘व्यायामात जाळलेल्या’ कॅलरी ते जेवणाच्या कोट्यात परत मिळवतं. सुरुवातीला ‘मध्यम हालचाल’ निवडलेली असेल तर तोच व्यायाम दोनदा धरला जातो, आणि तूट कागदावरच राहते.

आता ही सगळी सामग्री एकत्र कशासाठी, ते सांगतो. ॲप सुरुवातीला जो कोटा देतं तो सूत्राचा अंदाज असतो, तुमच्यासाठी मोजलेला नसतो. तीन-चार आठवडे खाणं नोंदवा, वजनाचा कल बघा आणि स्वतःचा आकडा काढा. उदाहरण घेऊ: २८ दिवसांची नोंदींची सरासरी १,७००, कल १.२ किलोने खाली. १.२ गुणिले ७,७०० म्हणजे ९,२४०. भागिले २८ म्हणजे रोज ३३०. तर तुमच्या नोंदीच्या हिशेबाने वजन स्थिर ठेवणारा आकडा २,०३० च्या आसपास. तूट ४५० करायची असेल तर १,५८० वर या. नोंदीत कायमची थोडी चूक असली तरी बिघडत नाही, कारण ती चूकही याच हिशेबात मुरलेली असते. अट एकच: चूक दर वेळी तशीच राहिली पाहिजे. सोमवार ते शुक्रवार चोख लिहून शनिवार-रविवार कोरे ठेवले तर गणित कोसळतं. पहिल्या आठवड्याचे आकडे यातून वगळा, त्यात पाणी आहे.

हा हिशेब दर पाच-सहा किलोंनंतर पुन्हा करावा लागतो. मिफ्लिन-सेंट जिओर हे १९९० चं सूत्र विश्रांतीतला ऊर्जाखर्च काढायला बऱ्याच ठिकाणी वापरतात. चाळीस वर्षांची, १६० सेंटिमीटर उंचीची बाई ८० किलोंची असताना त्यानुसार १,४३९ किलोकॅलरी येतात आणि ७० किलोंची झाल्यावर १,३३९. रोजच्या हालचालीसाठी १.४ ने गुणलं तर फरक १४० चा. म्हणजे सुरुवातीची पाचशेची तूट, खाणं तेवढंच ठेवूनही, साडेतीनशेच्या घरात येते. वर शरीर आपली छोटी-मोठी हालचालही कमी करतं: उठणं-बसणं, जिने, येरझाऱ्या. भूक वाढते. ‘वजन अडकलं’ म्हणतात ते बहुतेक वेळा असं टप्प्याटप्प्याने झालेलं असतं. कल तीन-चार आठवडे सपाट असेल तरच अडकलं म्हणा. दहा दिवसांवरून ठरवू नका. मग आधी तेल आणि सुट्टीच्या दिवसांच्या नोंदी तपासा, आणि त्या ठीक असतील तरच शंभर-दीडशेने कोटा कमी करा किंवा चालणं वाढवा.

फिटनेस बँड

याच्यावर फार शब्द खर्च करायची गरज नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली साठ जणांच्या मनगटांवर सात उपकरणं तपासली. नाडीचे ठोके सहा उपकरणांनी पाच टक्क्यांच्या आत बरोबर मोजले. जाळलेल्या कॅलरी मात्र सगळ्यात बऱ्या उपकरणाने सरासरी २७ टक्क्यांनी चुकवल्या आणि सगळ्यात वाईटाने ९३ टक्क्यांनी. त्याच्या आदल्या वर्षी ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन वर्षांच्या चाचणीचा निष्कर्ष आला होता: उपकरण लावलेल्यांचं सरासरी साडेतीन किलो उतरलं, साध्या पद्धतीने नोंदी ठेवणाऱ्यांचं ५.९ किलो. बँड बांधला की वजन जास्त उतरतं ही समजूत तिथेच निकालात निघाली.

शिवाय चालण्याच्या तासाला बँड जो आकडा दाखवतो त्यात त्या तासात नुसतं बसून खर्च झाली असती ती ऊर्जाही बरेचदा धरलेली असते. अंदाजच हवा असेल तर सपाट रस्त्यावरच्या चालण्याचा निव्वळ खर्च दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण अर्धी किलोकॅलरी धरा, पळण्याचा एक. सत्तर किलोंचा माणूस पाच किलोमीटर चालला तर पावणेदोनशे. म्हणजे दीड मोठा चमचा तेल. व्यायामाने वजन उतरवणं अवघड का जातं, याचं उत्तर या एका वाक्यात आहे.

बँडचा एक उपयोग मात्र खरा: पावलांची रोजची सरासरी. खाणं कमी झाल्यावर नकळत मंदावलेली हालचाल तिच्यात दिसते. आठ हजारांवरून सहा हजारांवर आलात तर कोटा कमी करण्याआधी ती दोन हजार पावलं परत आणा. ट्रॉली ढकलताना, सायकलवर किंवा हात खिशात घालून चालताना पावलं सुटतात. वजनं उचलताना मूठ आवळल्यामुळे ठोकेही नीट येत नाहीत. बँड मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट पण न रुतणारा बांधा. फोन दिवसभर खिशात असेल तर पावलं तोही मोजतो, वेगळा बँड नको.

वजनं उचलण्याचा व्यायाम या कुठल्याच उपकरणावर नीट दिसत नाही, तरी तो सोडू नका. नुसत्या उपासमारीने उतरलेल्या वजनात स्नायूंचाही चांगलाच वाटा असतो. आठवड्यातून दोन-तीनदा सगळ्या मोठ्या स्नायूंना काम आणि शरीराच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं, एवढ्याने स्नायू बरेच राखता येतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. प्रगती मोजायची तर वही काढा: कुठला व्यायाम, किती किलो, किती वेळा. वजन उतरत असताना वहीतले आकडे टिकून असतील तर स्नायू बहुतांशी शाबूत आहेत. चरबीच्या टक्क्यापेक्षा हा पुरावा आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो.

कुणी घेऊ नये

खाण्याशी ज्यांचं नातं आधीच बिघडलेलं आहे, उपाशी राहण्याचा किंवा खाऊन उलटी काढण्याचा आजार कधी होऊन गेला आहे, त्यांच्या घरात किचन काटा आणि ॲप नकोच. वाढत्या वयाच्या मुलांच्या हातातही नको. सकाळच्या आकड्यावर ज्यांचा दिवस ठरतो त्यांनी पडदा झाकून फक्त ॲपमध्ये नोंद जाऊ द्यावी आणि आठवड्याने सरासरी उघडावी. स्मार्ट काट्याचा हा एक उपयोग खरोखर चांगला आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याआधी मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोला, नाहीतर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याहून जास्त वेग फार काळ टिकवू नका; झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांना पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. आणि हृदयाचा त्रास असलेल्या माणसाचं वजन दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलोंनी वाढलं, पायांना सूज दिसली, तर वर सांगितलेलं ‘पाणीच आहे, सोडून द्या’ हे त्यांना लागू नाही. तिथे पाणी हाच आजार असतो, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं.

ठरवलेलं वजन गाठल्यावर ॲप काढून टाकलं तरी चालेल, किचन काटा तेलापुरता ठेवा. वजनकाटा मात्र जागेवरच राहू द्या. अमेरिकेत १९९४ साली नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री सुरू झाली. किमान १३.६ किलो उतरवून ते वर्षभर टिकवलेल्यांचीच तिथे नोंद झाली, आणि त्यांतले तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून निदान एकदा वजन करत असल्याचं दिसलं. कल गाठलेल्या वजनाच्या दोन किलो वर गेला, की दोन-तीन आठवडे पुन्हा नोंदी चालू करायच्या. तेवढ्यावर आवरलेलं सोपं जातं, आठ किलोंवर गेल्यावर नाही.